देव पाण्यात ठेवू नकोस

कॅल्गरी, सोमवार

तीर्थरूप आईस,
गुडघ्यांना झेपेल तितकं वाकून राजसचा नमस्कार.

फोनवर तुला माझ्या आवाजावरून सगळं कळतं, म्हणून पत्र.

पुढच्या रविवारी फायनल आहे. सदतीस वर्षांच्या फुटबॉलपटूची ही बहुधा शेवटचीच. तुझी सून ऊर्मी म्हणते, "रिटायर हो, ड्राइव्हवेमधला बर्फ शोव्हल करायला तरी घरात माणूस मिळेल."

पत्रकार विचारतात, मोठ्या सामन्यात वेगळं काय असतं? चेंडू तोच असतो. आमच्या या हातांनी खेळायच्या कॅनेडियन फुटबॉलमध्ये माझं काम तो झेलायचं. मी तासन्‌तास धावतो, चेंडू दुसऱ्यांकडे जातो, आणि मी पार दमल्यावर, सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं असताना, नेमका माझ्याकडे येतो. बाबा संस्कृत शिकवताना सांगायचे, फळाची आशा धरू नये. त्यांना सांग, मला धरण्याचाच पगार मिळतो.

मागच्या फायनलला थंडीने बोटं बधिर झाली आणि चेंडू निसटला. तू तिकडे ग्वेल्फला देव पाण्यात ठेवले होतेस. आम्ही हरल्यावर रागाने दत्तजयंतीपर्यंत बाहेर काढले नाहीस. बाबा म्हणाले होते, "अगं, सर्दी होईल त्यांना!"

या वेळी ठेवू नकोस. बोटं आता छान आहेत. सकाळी शर्टाची बटणं ऊर्मी लावते, पण ते प्रेमापोटी.

तुझी शुगर कशी आहे? बाबा बर्फात फिरायला जात नाहीत ना?

आणि ठेवलेसच देव, तर कोमट पाण्यात ठेव. घरातल्या सगळ्यांचीच बोटं गारठायला नकोत.

तुझा,
राजस