शेंदूर लावलेली स्पोर्ट्स कार

सौ. अलकाताईस, तुर्कस्तानच्या सीमेवरून धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. लवकर निघणारं हलकं धान कापून झालं का?

शेठने घेतलेली जपानी स्पोर्ट्स कार इंग्लंडहून दुबईला चालवत न्यायची, एवढंच माझं काम. पण दसऱ्याला तू फोनवर बजावलंस, "पूजा केल्याबिगर स्टेरिंगले हात लावू नोको." मी बॉनेट उघडून समंत्रक पूजा केली आणि तेलात कालवलेला शेंदूर नेमका चॅसिस नंबरच्या पट्टीवर फासला. इथे तपासणीत आकडे दिसेनात, म्हणून तारेच्या घासणीने घासले. शेंदराबरोबर दोन आकडेही गेले.

आता अधिकारी म्हणतो, नंबर खोडलाय, जपानहून कंपनीचं पत्र आणा. अकरा दिवस झाले. पाठशाळेत दहा वर्षं संस्कृत व्याकरण घोकलेला तुझा भाऊ त्याला हातवारे करून देवपूजा समजावतो आहे. तुला दोष नाही, ताई. पूजा तुझी, घासणी माझी.

शेठ रोज फोनवर तेच म्हणतो, "गाड़ी छोड़ी तो नौकरी भी छोड़."

चेतनाच्या लग्नात तिला मांडवात मामानेच आणायचं असतं, हे तू फोनवर तीनदा सांगितलंस. शुक्रवारपर्यंत पत्र आलं नाही, तर किल्ली अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून मी विमानात बसतो. भाऊजींना नोकरीचं कळू देऊ नकोस, लग्नघरात दुसरा विषय नको. चेतनाला एवढंच सांग, मामा लग्नाला येऊन राहिला.

तुझा,
घनश्याम