साळिंदराच्या तोंडचा ळ

आई, गेल्या महिन्यात मी एका साळिंदराला आवाज दिला. सरकारी वाहिनीसाठी मेळघाटातल्या प्राण्यांवर मुलांचा तासाभराचा ॲनिमेशनपट होतो आहे, त्यातली ही पिल्लाची आई. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी नाटकात काम करू लागले हेही तुला माहीत नाही, त्यामुळे साळिंदरापासून सुरुवात करणं बरोबर आहे का, कळत नाही. पण सांगायचं आहे ते त्याच्याविषयीच आहे.

शाळेत जाण्याआधी अमरावतीच्या घरी तू मला स्वयंपाकघरात वाचायला शिकवलंस. ओट्यावर वरण उकळत असायचं आणि खाली पाटावर माझं पुस्तक. बाबांचं घर वकिलांचं, तू अंजनगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तुझ्या तोंडी ळ नव्हता. डोळ्याला तू डोया म्हणायचीस, काळ्याला काया. म्हणून पुस्तकात ळ आला की तू त्या अक्षरावर बोट ठेवून गप्प व्हायचीस. बाबांनी तो मला एकदा म्हणून दाखवला होता, तसा मी तो म्हणायचे, मग तुझं बोट पुढे सरकायचं. कितीतरी दिवस मला वाटायचं की ळ हे अक्षर मोठ्या बायकांनी म्हणायचं नसतंच.

मी सहा वर्षांची आहे. बैठकीत काका आणि त्यांचे दोन पाहुणे बसलेत. तू ताट घेऊन येतेस आणि म्हणतेस, केये घ्या न. मी लगेच म्हणते, केये नाही, केळी. पाहुणे हसतात. काका म्हणतात, वहिनी, आता लेकीकडेच शिकवणी लावा. तूही हसतेस. नंतर स्वयंपाकघरात, माझ्याकडे न बघता पोळी लाटत तू म्हणालीस, "बरोबर बोलली तू. पन लोकाइसमोर कावून बोलली?" लोकांसमोर का, हा विचार मी केलाच नव्हता. त्यानंतर पाहुण्यांसमोर तुझं बोलणं कमी झालं. तो तुझा स्वभावच आहे असं घरात सगळे म्हणत, मीही म्हणत असे.

आता मी अकोल्यात राहते. रेकॉर्डिंग अमरावतीत होतं, बसने गेले. दिग्दर्शक पुण्याचे, माझ्याच वयाचे, फार सौजन्याने वागणारे. साळिंदराचे विनोदी संवाद त्यांना वऱ्हाडीत हवे होते. बिबट्या अंगावर येतो तेव्हा ती म्हणते, ये न, बस अंगावर, मंग दिवसभर काटे काढत राह्यजो. काचेपलीकडे सगळे हसले, मलाही मजा आली. शेवटच्या प्रसंगात जंगलाला आग लागते आणि पिल्लू भीतीने हलेनासं होतं. इथे दिग्दर्शक म्हणाले, "हे मात्र शुद्ध घेऊ, ताई. नाहीतर लोक इथेही हसतील." मी तीनदा म्हटलं, डोळे मिटून घे, मी आहे जवळ. दोन्ही ळ स्वच्छ लागले. ऐकून बघितलं तर कुणी सूचना वाचून दाखवावी तसं वाटत होतं. मी कुणाला सहसा उलट बोलत नाही. बोलले तर दोन दिवस तेच डोक्यात फिरतं. तरी विचारलं, एकदा माझ्या पद्धतीने घेऊ का? ते हो म्हणाले.

"डोये मिटून घे. मी हावो न जवय."

कुणी हसलं नाही. ध्वनिमुद्रण करणारे बार्शीटाकळीचे काका हेडफोन काढून म्हणाले, हेच राहू द्या साहेब. साहेबांनी ठेवलं.

चहा घेताना दिग्दर्शकांनी मला विचारलं, हे कुठून आणलंत, घरी असं बोलतात का? त्यांच्या आवाजात कौतुक होतं, थट्टा अजिबात नव्हती, आणि म्हणूनच मला सबब सापडत नाही. मी म्हणाले, घरी नाही, आमच्याकडे धुणंभांड्याला एक बाई यायच्या, त्यांचं आहे. ते म्हणाले, मग शेवटच्या नामावलीत त्यांचे आभार मानायला हवेत, नाव सांगा. मी म्हटलं, आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करत होते. आईचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. घरी पोचल्यावर फोन करू असं ठरवलं, मग दुसऱ्या दिवशी, मग सोमवारी.

आज सकाळी त्यांचाच मेसेज आला. नामावली आज पक्की होते आहे, त्या बाईंचं नाव आठवलं का, असं विचारलं होतं. मी तुझं नाव लिहून पाठवलं. ते पडद्यावर दिसेल. ती बाई म्हणजे कोण, हे मात्र लिहिलं नाही. आडनावही लिहिलं नाही, कारण ते माझंच आहे.