खांद्यावरचा हात

ओसेर, १६ जानेवारी १७५७

आज पुन्हा निभावलं! गायकांनी शेवटचा सूर उगाच लांबवला. तो संपताच मी यांचा खांदा दाबला आणि ऑर्गन बिनचूक सुरू झाला. एक कडवं गायकांचं, पुढचं यांचं. खाली वेदीपाशी गाणं कधी थांबलं ते वर माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे कोणाला कळलं तर नोकरी गेली, आणि चर्चने दिलेलं हे घरही गेलं.

पण वाजवतात काय! कानाने नाही तर कशाने, देव जाणे.

१९ जानेवारी

यांनी घरच्या क्लॅव्हसिनसाठी, म्हणजे त्या तारांच्या पेटीसाठी, नवी रचना केली. नाव ‘रोटीवालीण’, आमच्याकडे पाव घेऊन येते तिच्यावरून. वाजवून दाखवली, तर बाई जिना चढताना जशी धापा टाकते, थांबते, कुणाला तरी शिव्या देते, ते सगळं त्यात! हसून पुरेवाट झाली. नोटरीच्या कुत्र्यावरही एक रचना आहे. बायकोवर मात्र एकही नाही.

२ फेब्रुवारी

पॅरिसचे एक गृहस्थ चर्चमध्ये ऐकून गेले. मला म्हणाले, “मोस्यू ब्रेशारांचं नाव आमच्याकडे कोणी कसं ऐकलं नाही?” घरी यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. हे म्हणाले, “पॅरिस माझं ऐकत नाही, मी पॅरिसचं ऐकत नाही. फिट्टंफाट.”

असा माणूस आमच्या गावात पडून आहे. मला त्याचा राग येतो आणि अभिमानही वाटतो.

२० फेब्रुवारी

उपासाच्या दिवसांआधीचा शेवटचा रविवार. आता ईस्टरपर्यंत ऑर्गन बंद. निघताना हे ऑर्गनवरच्या आरशात केसांचा टोप सारखा करत होते. दोन वर्षांपूर्वी हौसेने टांगून घेतलाय. मी म्हटलं, “कोण बघतंय या वयात?” ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे.

२० मार्च

फादर ल्युबेनांनी फर्मान काढलं – ऑर्गनच्या माडीवर यापुढे बाईमाणूस नको. मी विनवलं, यांचे गुडघे दुखतात, जिन्यात आधार लागतो. “मग कान्याला बसवीन आधाराला,” म्हणाले. कान्या नको, मी घाईने म्हटलं. चर्चमधला तो पोर तर यांच्या कानांचं अर्ध्या गावाला सांगेल.

यांना सांगितलं, तर सूप ओरपत म्हणाले, “बरं.” नुसतं बरं!

९ एप्रिल

उद्या मला खाली बसायचंय. लिहवत नाही.

१० एप्रिल, ईस्टर

मी खाली बसले, रोटीवालिणीशेजारी. गायकांचं पहिलं कडवं संपलं तेव्हा मी श्वास रोखला. आणि ऑर्गन घुमला! पुढेही दरवेळी अगदी वेळेवर. शेवटी असं काही वाजवलं की लोक दाराशी जाऊन परत फिरले. रोटीवालीण रडत म्हणाली, “काय गं, तुझा नवरा आहे की कोण आहे!” मीही रडले. देवानेच खांदा दाबला असेल.

११ एप्रिल

आज विचारलंच. देवबिव काही नाही. कडवं संपलं की मुख्य गायक हातातली काठी खाली टेकवतो, ती यांना आरशात दिसते. दोन वर्षांपासून दिसते.

“मग मला दर रविवारी तो जिना कशाला चढायला लावलात?”

“सांगितलं असतं, तर तू खाली बसली असतीस.”

फादरांशी आता मीच भांडणार आहे.