अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम

तीर्थरूप आत्यांस,

तुमच्या सगळ्यांत धाकट्या आणि (तुमच्याच मते) सगळ्यांत मठ्ठ भाचीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला आता कमी असेल, नसेल तर त्यांना गार पाणी पिताना पकडा आणि माझ्या नावानं दोन शब्द सुनावा. परवा दुपारी तुम्हाला एक फोन आला होता, तुम्ही चार वेळा "हॅलो, कोण बोलतंय?" करून, फोनवाल्या कंपनीचा उद्धार करून ठेवून दिलात, आठवतं? ती मीच होते. मी चांगली घसा ताणून बोलत होते. तर ते राहू दे. तुम्ही भेटल्याबरोबर पहिलं विचारता ते माझं वजन, म्हणून हे अख्खं पत्र त्याच विषयावर लिहिते आहे.

मी आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तीनशे बारा घरं माझ्या वाटणीची. दर तीन महिन्यांनी घरातल्या प्रत्येकाचं वजन, उंची, कंबर मोजायची, कमरेला आठवडाभर पावलं मोजायचं यंत्र अडकवून द्यायचं, आणि काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पोटात काय काय गेलं ते घासाघासानं विचारून लिहायचं. (माणसं एकवेळ चोरी कबूल करतील, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं कबूल करणार नाहीत. एका बाईंनी आपण नुसत्या पाण्यावर जगतो असं मला छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि सांगताना तोंडातला घास गिळायला दोनदा थांबल्या.) वजनकाटा माझ्या पाठीवरच्या पिशवीत. तो रोज सकाळी तपासायचा, असा नियम. त्यासाठी खात्यानं दहा किलोचं एक लोखंडी प्रमाणवजन दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते चार-चार मजले चढवताना माझं कंबरडं मोडलं, तेव्हा मी ते कार्यालयाच्या कपाटात ठेवलं, आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते देव जाणे.

मग मी डोकं लढवलं. (तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल, लावून झाला की पुढे वाचा.) वजन नाही तर नाही, मी आहे की! माझं वजन गेली सहा वर्षं अठ्ठावन्न किलो चारशे, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. काट्याचं एक बटण दाबून धरलं की तो विचारतो, आत्ता माझ्यावर जे ठेवलंय ते किती? आपण आकडा सांगायचा, तो मुकाट मान्य करतो. तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्यावर उभी राहायचे. तो कधी शंभर ग्रॅम कमी दाखवायचा, कधी दोनशे. मी म्हणायचे, मेल्या, बिघडलास ना पुन्हा, आणि बटण दाबून त्याला अठ्ठावन्न चारशेवर आणून कामाला निघायचे. वर्षभर एकदाही मनात आलं नाही की आत्या, बिघडणारा काटाच असेल कशावरून?

इकडे वस्ती फुगत चालली. दर फेरीला सगळे जाड! कागदावर, बरं का. साहेबांनी (आमचे साहेब माणूस बघत नाहीत, आकडे बघतात) माझा आलेख भिंतीला लावला, वरून माणसं बोलावून तो दाखवला, आणि माझी पाठ थोपटायला हात उचलला तो माझ्या खांद्याच्या जरा बाजूनं गेला. मी म्हटलं, साहेबांचा चष्मा जुना झाला. तसंच सफाईवाल्या मावशींचं. ओल्या फरशीवर कोणी पाय ठेवला तर त्या बाई आकाशपाताळ एक करतात, पण मी रोज तिच्यावरून जाते आणि त्या वर बघत नाहीत. मला वाटलं, मान राखतात माझा. फरशीवर माझी पावलंच उमटत नव्हती, हे मी नंतर खाली वाकून बघितलं.

कळलं ते शिंप्यामुळे. दोनशे चार नंबरच्या घरातले हे शिंपीकाका, पाच फूट दोन इंच, अंगावर मांस म्हणाल तर मिशीएवढं. गेल्या फेरीत ते भरले शहाण्णव किलो. मी आकडा लिहिला. (लिहिला आत्या, समोर ती काडी उभी असताना लिहिला. काटा सांगतो ते लिहायचं, अशी शिस्त लागली आहे हाताला.) त्यांना खात्याचं शिक्क्याचं पत्र गेलं, तुम्ही अतिस्थूल आहात, संध्याकाळचं जेवण बंद करा, रोज दहा हजार पावलं चाला. शिक्का बघून त्यांनी ते मनोभावे पाळलं. या फेरीला मी गेले तर काका भिंतीला धरून दार उघडायला आले. स्वतःची टेप कमरेला लावून म्हणाले, बाई, अठ्ठावीसची पंचवीस झाली, आता सांगा मी किती जाड आहे. मग त्यांनी टेबलावरची जुनी इस्त्री उचलून काट्यावर ठेवली. तिच्या अंगावर सहा किलो असं ओतीव अक्षरात लिहिलेलं आहे. काटा म्हणाला, बारा.

मला गणित तुम्हीच शिकवलंत, छड्या मारून. काटा दुप्पट सांगतो, आणि माझं मात्र बरोब्बर अठ्ठावन्न चारशे सांगतो, म्हणजे मी निम्मी. काकांनी माझ्या कमरेला, दंडाला टेप लावून बघितली. मापं होती तशीच आहेत, कपडे अंगाला बसतात तसेच बसतात, आरशात मी आहे तशी आहे. फक्त वजन नाही. मी पावलांचं यंत्र स्वतःला लावून त्यांच्या खोलीत वीस फेऱ्या घातल्या. यंत्र म्हणालं, पावलं शून्य. शेवटी मी माझाच आहाराचा तक्ता भरायला बसले, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत. आत्या, मला एक घास आठवेना. डबा रोज नेते, रिकामा परत येतो, तो कोण खातं मला खरंच सांगता येत नाही. मी घाबरले आहे, उगाच हसून दाखवते आहे तुम्हाला.

पण गंमत पुढेच आहे. माझ्या त्या आलेखाच्या जोरावर, वस्तीतली मुलं लठ्ठ होत चालली म्हणून येत्या सोमवारपासून शाळेतलं दुपारचं जेवण निम्मं करायचं, असा हुकूम निघाला आहे. दोनशे ऐंशी मुलं. त्यांतल्या कितीजणांना दिवसभरात तेच एक पोटभर मिळतं ते मला माहीत आहे, कारण त्यांचे तक्ते मी भरले आहेत. मी पळत साहेबांच्या खोलीत गेले, सगळं कबूल केलं, बटण, इस्त्री, कपाटाची किल्ली, काही लपवलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकल्यासारखं केलं, कागदांवर पेपरवेट ठेवला, आणि शिपायाला हाक मारून म्हणाले, दार कोणी उघडं टाकलं, वारा येतोय.

मग शिंपीकाका स्वतः कार्यालयात गेले बिचारे, काठी टेकत. खिडकीवरच्या कारकुनानं त्यांचा कागद काढला आणि म्हणाला, कागदावर तुम्ही शहाण्णव किलो, समोर उभे आहात ते पंचेचाळीससुद्धा नाही, त्याअर्थी तुम्ही ते गृहस्थ नव्हेत, खऱ्या गृहस्थांना पाठवा. काका घरी येऊन हसले आणि मग बराच वेळ रडले.

असो. बाकी सर्व ठीक. हवा बरी आहे. आतोबांना नमस्कार, थोरल्या वहिनींना विचारलं म्हणून सांगा, आणि माझी काळजी करू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. काळजी करू नका असं वर लिहिलं ते रीत म्हणून. खरं म्हणजे तुम्ही निघून या. शिंपीकाकांची बहीण उद्या तुमच्या गावाला जाते आहे, तिच्याच हाती हे पत्र देते आहे, म्हणजे शनिवारी तुम्हाला मिळेल आणि रविवारची गाडी धरता येईल. तुम्ही तीस वर्षं हेडमास्तरीण होतात. तुम्ही खोलीत शिरलात की माणसं खुर्च्यांवरून उठतात. साहेबांसमोर उभं राहून एवढंच सांगा की आकडे खोटे आहेत, चूक माझी आहे, मुलांना पोटभर वाढा. सोबत काकांच्या इस्त्रीचा आणि काट्याचा हिशेब लिहून दिला आहे.

ता. क. दुसरा. (आज सकाळी.) काकांनी लाकडी रुळावर आडवी फळी टाकून एका टोकाला इस्त्री ठेवली, दुसऱ्यावर मला बसवलं. माझं टोक वरच राहिलं, म्हणजे आता मी सहा किलोसुद्धा नाही. त्यांनी माझ्या पांढऱ्या कोटाच्या दुमडीत मासे धरायच्या गळाला लावतात तशा शिशाच्या गोळ्या शिवून दिल्या आहेत, त्यामुळे खुर्चीत बसून एवढं लिहिता आलं. पैसे नको म्हणाले, आणि आज संध्याकाळी जेवतो म्हणाले. तेवढं एक बरं झालं.

ता. क. शेवटचा. सोमवारी तुम्ही आलात आणि मी दारात दिसले नाही, तर घरात शोधत बसू नका, आधी कार्यालयात जा, तिथून शाळेत जा, आणि पोरांच्या पानात पूर्ण वाढलेलं डोळ्यांनी बघा. ते झालं की मग माझ्या गल्लीत उभं राहून मला एकदा हाक मारा, माझं पाळण्यातलं नाव घेऊन, मोठ्यानं. लहानपणी मी तुमच्या हाकेला तीन गल्ल्या पलीकडून पळत यायचे. या वेळी किती लांबून यावं लागेल ते माहीत नाही, म्हणून जरा थांबून वाट बघा.