त्या सिनेमावाल्याचा रोट

८ जुलै, मंगळवार
नातीने, मयुरीने मोबाईलमध्ये सोय करून दिली. मी बोलायचं, तो लिहितो, वर तारीखही टाकतो. तिला वाचायची बंदी, आणि मला तर अक्षर येतच नाही. म्हणजे खरं बोलायला हरकत नाही.
खरं असं की शुक्रवारी 'सव्वा मूठ' येतोय. योगराज नावाच्या पुणेकराने आमच्या खानदेशच्या कानबाई देवीवर काढलेला सिनेमा. त्यात म्हणे सासू परक्या माणसाला कानबाईच्या नैवेद्याचा रोट खाऊ घालते! अरे, आम्ही दळणालाच घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतो. तो रोट भाऊबंदकीतच संपतो, शेजारी तुकडा जात नाही. मेल्याने दोन सालांमागे कानबाईच्या सणालाच नशिराबादला येऊन, आमच्या ओट्यावर बसून सगळं विचारून घेतलं. पुन्हा ओट्यावर पाय ठेवू देणार नाही. पक्कं.

११ जुलै, शुक्रवार
जळगावला मोर्चा. पुढे मी. मागे चुलत जाऊ बेबाबाई, घोषणेत मुद्दाम माझ्यावर आवाज चढवते. कानबाईच्या गाण्यांची पहिली ओळ माझी असते, ते तिला लग्न होऊन आल्यापासून टोचतंय. खेळ बंद पाडला. मॅनेजर म्हणाला, तसंही तिकीट कोणी काढलं नव्हतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१४ जुलै, सोमवार
आता तिकीट मिळत नाही म्हणे. मोर्चा टीव्हीवर दाखवला ना, म्हणून. यात माझा काय दोष?
मयुरीने रील दाखवले. पुण्याच्या पोरी गॉगल लावून रोट भाजतात आणि नाचतात. एका दुकानात रोट डब्यात, वर रिबीन, काजू खोचलेला. विकत! कानबाई, बघतेस ना?
शिवाय तो योगराज रोज 'पडद्यामागच्या गोष्टी' सांगत सुटलाय. आज म्हणाला, हिरॉइनचं हिरवं लुगडं नशिराबादच्या एका आजीचं. बायका विचारायला लागल्या, कोणाचं वं? मी म्हटलं, हिरवी लुगडी काय एकीचीच असतात? तिला शोभतं मात्र. काठच तसा आहे.

१६ जुलै, बुधवार
आजची गोष्ट: रोटाचा प्रसंग खरा घडलेला आहे. बाईचं नाव सांगितलं नाही. बेबाबाई म्हणाली, ती सापडू दे, कानबाईपुढे तोंड उघडू देणार नाही तिला. सगळ्यांत आधी हो मीच म्हटलं.
फक्त मोबाईलला सांगते. पोरगा त्या दिवशी ओट्यावर सकाळपासून उपाशी बसला होता. गालाची हाडं वर आलेली. मी दिला तो तुकडा. तुकडा म्हणजे काही रोट नव्हे. शिवाय पाहिलं कोणी? त्याचा फोटोवाला होता तिथे, पण तो कॅमेरा पुसत होता.

१९ जुलै, शनिवार
धुळ्याला अजून चालू आहे. उद्या एसटीने जाऊन बंद पाडायचा. रोटाचा प्रसंग आला की मी उठून ओरडणार, बाकीच्यांनी चपला दाखवायच्या. तिकिटं काढावी लागतील. फुकट बंद पाडू देत नाहीत.

२० जुलै, रविवार
प्रसंग आला. मी उठले नाही, गुडघा धरला होता. बेबाबाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. चपला सगळ्यांच्या पायातच. मग कानात कानात ठरलं, शेवटाला ओरडू.
शेवटाला नावं सुरू झाली, सोबत एकेक फोटो. शेवटचा पडदाभर. योगराजच्या तोंडात रोट घालणारा हात, आणि हाताच्या मागे मी. हिरव्या लुगड्यात. हसतेय. तुकडा मला आठवत होता तेवढा लहान नव्हता.
थेटरभर टाळ्या. बेबाबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. "पुष्पाअक्का, हाई तर तूच शे ना वं!" मी म्हटलं, असेल कोणी माझ्यासारखी. तर म्हणे, "खाले नाव बी शे."
परतताना शेजारी कोणी बसलं नाही. खिडकी मिळाली.

२७ जुलै, रविवार
भाऊबंदकी बसली. मी सोडते की काय! म्हटलं, ज्याने रोट खाल्ला तो घरचा झाला. घरच्याला दिला, मग चुकलं कुठे? भाऊबंदकीतले थोरले चुडामणनाना म्हणाले, घरचा ना? मग यंदापासून त्याच्या नावाचीही सव्वा मूठ घे, आणि त्याचा रोट संपवायची जबाबदारी तुझी. जिंकले! गाण्याची पहिली ओळ तेवढी बेबाबाईला दिली. माझा घसा तसाही बसलाय.
योगराजला फोन केला. येतो म्हणाला. ओट्यावर सतरंजी घालायला सांगितली.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई
बेबाबाईने पहिली ओळ इतक्या वर धरली की दुसरीला कोणीच पोचलं नाही. माझा घसा आज अगदी मोकळा होता.
योगराज नाही. सतरंजीवर मांजर.

७ ऑगस्ट, गुरुवार
सगळ्यांचे रोट संपले. त्याचा उरला. परवा पुनव, त्याच्या आत संपलाच पाहिजे. बाहेर देता येत नाही आणि घरात कोणी हात लावत नाही. बेबाबाई समोरच्या ओट्यावर लसूण सोलत बसलीय. एवढा लसूण कोणाला लागतो?
पुण्याला फोन लावला. त्याच्या माणसाने उचलला. म्हणे साहेब डाएटवर आहेत, गहू बंद केलाय.
माझ्या तोंडात दात उरलेत चार, त्यातले दोन एकमेकांना भेटत नाहीत. रोट चहात बुडवून पाहिला. चहा संपला. रोट आहे तसाच आहे.