व्हितालेच्या दुकानातली रांग

सिसेरो, शिकागोजवळ
९ सप्टेंबर १९९४

ती. फिलोमेनाताईस,
तानोचा सा. न. वि. वि.

अठरा वर्षांत नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस. तेव्हा हे पाकीट तू आधी खिडकीशी धरून बघितलं असशील, आत कुणाच्या मयताची बातमी तर नाही ना म्हणून. नाही. अजून तरी नाही.

जूनमध्ये माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं, म्हणून फोन न करता लिहितोय. देवानं अखेर ह्याचं तोंड बंद केलं, असं खुशाल म्हण. रेनातालाही तसंच वाटतं, पण बाप म्हणून ती बोलत नाही. आवाजाचं मला इतकं वाईट वाटत नाही. तीस वर्षं ट्रक हाकला, तिथं शेजारी बोलायला होतंच कोण? पण ताई, गिळणंही गेलं. पोटाला नळी लावलीय आणि पोरगी दिवसातून पाच वेळा तिच्यात डब्यातलं खडूच्या रंगाचं पाणी सोडते.

तुला माहीत आहे, मी गावं ओळखायचो ती तिथल्या सँडविचवरून. न्यूऑर्लिन्सला तळलेली कोलंबी भरलेला पाव, खाताना अर्धी कोलंबी मांडीवर सांडली नाही तर समजायचं की दुकानदार कंजूष आहे. न्यूयॉर्कला पॅस्ट्रामीचं मसालेदार मांस कापणारा म्हातारा आधी एक काप ताटलीत सरकवतो आणि तुझं तोंड बघत उभा राहतो. तू मान डोलावल्याशिवाय पुढचा काप कापत नाही. आता हमरस्त्यावर जिथं तिथं साखळीवाल्यांची दुकानं झालीत, इंचानं मोजून पाव देतात आणि टोमॅटोला टोमॅटोचा वासही नसतो. तिथं मी नाइलाजानंच थांबायचो. हे सगळं मी खाल्लंय, आणि दिवसभर खुर्चीत बसून एकेक आठवून बघतो. सगळ्यांच्या चवी येतात. एकच येत नाही.

म्हणून एक मागणं आहे. नवव्या रस्त्यावरचं व्हितालेचं दुकान अजून चालतं असं ऐकलं. तुझ्या दारापासून दहा मिनिटं. तिथं जा, भाजलेल्या डुकराचं सँडविच घे, जुनं चीज आणि कडू भाजी घालून. आणि कसं लागलं ते मला लिही. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे. तुझ्या स्वभावावर कधीच नव्हता.

राग असला तर असू दे, त्याच्या शेजारी थोडा लोभही राहू दे.

तुझा धाकटा,
तानो

*

दक्षिण फिलाडेल्फिया
२० सप्टेंबर १९९४

चि. गाएतानोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. रोज लावते आहे. नळीची जागा स्वच्छ ठेवत जा, तिथं पू होऊ देऊ नकोस. रेनाता गुणाची पोर आहे. तुझ्या पोटी कशी आली, ते देवालाच ठाऊक. घरकाम सांभाळून किती करते म्हणावं, तिला माझा आशीर्वाद सांग. तुझ्यासाठी लोकरीचा गळपट्टा विणायला घेतलाय, तिकडे तळ्यावरून वारं सुटतं म्हणतात.

पण व्हितालेकडे मी जाणार नाही. मागायचंच होतं तर दुसरं काही मागायचंस.

तुला विसर पडला असेल, मला नाही पडला. आईचा श्वास सकाळपासून अडखळत होता. मी तुझ्या कंपनीत फोन केला तर कळलं, की तू ओहायोहून रात्रीच निघालास, येतोच आहेस. आई दाराकडे बघत होती. मी तिला म्हणत होते, तानो येतोय, तानो येतोय. साडेबाराला ती गेली. सव्वाला मी डॉक्टरांना सोडायला दार उघडलं, तर तू पायरीवर बसून व्हितालेचं सँडविच खात होतास. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. मी सगळ्या गल्लीसमोर ओरडले, की आई मेली आणि हा गिळतोय. तू मान वर केली नाहीस. शेवटचा घास तोंडात कोंबलास आणि मग आत आलास.

मी सहा महिने तिच्या उशाशी होते. तुला रांगेत उभं राहायला वेळ होता. तेव्हापासून त्या रस्त्यानं जायचं झालं तरी मी वळसा घालून जाते. आजारी माणसाला हे लिहू नये, कळतंय मला. पण दुसरं काय लिहू?

तब्येतीला जप. कळवत राहा, एवढंच मागते.

फिलोमेना

*

सिसेरो
२८ सप्टेंबर १९९४

ती. आत्यास,
रेनाताचा शि. सा. न.

तुला ‘तू’च म्हणते आहे, आजीच्या घरात तसंच म्हणायचे. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. त्यांना कळलं तर त्यांच्या पाटीवर मला शिव्या वाचायला मिळतील. बोलता येत नाही म्हणून गळ्यात पोरांची पाटी अडकवून हिंडतात, आणि शिव्या मात्र मोठ्या अक्षरात लिहितात.

तुझं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस पाटीला हात लावला नाही. मी खोदून खोदून विचारलं, काय लिहिलंय आत्यानं, की अशी दातखीळ बसावी. शेवटी चिडून मी म्हणाले, की सांगणार नसाल तर मी आत्यालाच फोन करते. तेव्हा त्यांनी जे लिहिलं ते पाटीत मावेना. पुसत पुसत लिहीत राहिले, मी वाचत राहिले. मग म्हणाले, म्हणजे लिहिलं, की हे फिलोमेनाला कळता कामा नये, मी आईला शब्द दिलाय.

तो शब्द मी मोडते आहे. पाप लागलं तर मला लागू दे.

आजी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तू चर्चला गेली होतीस. तेवढ्यात आजीनं ओहायोला फोन लावला. बाबांना म्हणाली, की येताना व्हितालेकडून एक सँडविच आण, कडू भाजी घालून. मला एकच घास खाऊ दे. फिलोमेनाला दिसू देऊ नकोस आणि कधी सांगूही नकोस. माझ्यासाठी पोरगी जिवाचं रान करते आहे, सहा महिने बिनमिठाचं सूप करून भरवते आहे. ते मला गिळवत नाही हे कळलं, तर तिचं काळीज फाटेल.

बाबा रात्रभर गाडी चालवून आले. शनिवार होता, रांग कोपऱ्यापर्यंत. त्यांना वाटलं, आईनं एवढं एकच मागितलंय, मोकळ्या हातानं कसं जाऊ. पायरीशी आले आणि आतून तुझं रडणं ऐकू आलं. आत यायला पाय उचलेनात, आणि आईसाठी आणलेलं ते फेकून द्यायलाही हात होईना. म्हणून खाल्लं. त्याची चव काय होती हे आजतागायत आठवत नाही, असं त्यांनी लिहिलं. आईनं जे मागितलं होतं ते कसं लागतं, तेवढंच त्यांना तुझ्याकडून हवं होतं.

आणखी एक. आजार आता फुप्फुसात उतरलाय. डॉक्टर नाताळचं नाव काढत नाहीत.

रागावू नकोस. मायेची माणसं आता मोजकीच उरलीत, त्यांत तू हवीस.

तुझी,
रेनाता

*

दक्षिण फिलाडेल्फिया
९ ऑक्टोबर १९९४

माझ्या तानोस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोरीनं मला सगळं लिहिलं. तिच्यावर हात उगारलास तर गाठ माझ्याशी आहे.

काल व्हितालेकडे गेले. मुद्दाम शनिवारी. रांग अजूनही कोपऱ्यापर्यंतच असते. पुढची बाई म्हणाली, की आजी, तुम्ही पुढे व्हा, एवढा वेळ उभ्या राहू नका. मी म्हटलं, की नाही, मला उभंच राहायचंय. घड्याळ बघत होते. पन्नास मिनिटं लागली. तू रात्रभर जागा होतास. मी तर रात्रभर नीट झोपून मग गेले होते, तरी पाय भरून आले.

आता खरं लिहिते, कारण गोड लिहिलं तर तू ओळखशील. पाव वरून कडक, आत लुसलुशीत, पण रस्सा मुरल्यावर खालचा भाग हातात राहत नाही. मांस पातळ कापलेलं, लसूण आणि बडीशेप भरपूर. मीठ जास्त. चीज असं, की जिभेच्या कडांना चावतं. आणि भाजी कडू, चांगली कडू, लसणीवर परतलेली. चाळीस वर्षं मी ती भाजी करते आहे, आणि खरं सांगते, त्यांची माझ्यापेक्षा चांगली आहे. हे गल्लीत कुणाला सांगितलंस तर याद राख.

बाहेर बाकावर बसून खाल्लं. दोन घास खाल्ले आणि मग मला ती दिसायला लागली, उशीला टेकून बसलेली. मी चमचा पुढे करायची, ती तोंड उघडायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, छान झालंय गं. सहा महिने, तानो. रोज दोनदा. मी वाडगं खरवडून पाजायचे आणि माझी मलाच शाबासकी द्यायचे. तिला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नाही. आणि तिनं मागितलेलं ज्यानं आणलं, त्याला मी गल्लीसमोर कुत्र्यासारखं झिडकारलं. पुढचं गिळताना फार त्रास झाला. बाकावरच्या माणसानं पाणी आणून दिलं, त्याला वाटलं मिरची लागली.

पण संपवलं. तूही संपवलं होतंस.

येत्या गुरुवारी गाडीनं निघते. नको म्हणायला तुझ्याकडे वेळ नाही, हे पत्र पोचेपर्यंत मी सामान बांधलेलं असेल. गळपट्टा घेऊन येते.

तुझ्याकडे निघालेली,
ताई

*

सिसेरो
१२ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,
सा. न. घाईत लिहितोय. रेनाता ह्याच डाकेनं रवाना करते, तू निघण्याआधी मिळालं तर मिळालं.

पत्र चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना लसूण नाकात आली. बडीशेपेचं मला कधी कळलंच नव्हतं, इतकी वर्षं मी ते नुसतं ‘व्हितालेचा वास’ म्हणायचो.

कुत्र्यासारखं वगैरे लिहिलंस ते मी पेन्सिलीनं खोडलंय. मीही तोंड उघडून सांगू शकत होतो, तेव्हा तोंड होतं. सांगितलं नाही, कारण तुझा मला राग आला होता आणि आईला दिलेला शब्द आयताच कामाला आला. हे रेनाताला माहीत नाही. तुला माहीत असावं.

माझ्याकडे आता बघवत नाही, आधीच सांगतो. गळ्याला भोक आहे आणि वजन आईच्या शेवटच्या दिवसांइतकं झालंय. दारात रडलीस तर परत पाठवीन. लवकर ये.

वाट बघणारा,
तानो

*

दक्षिण फिलाडेल्फिया
४ डिसेंबर १९९४

चि. रेनातास,
तुझ्या आत्याचे आशीर्वाद.

सुखरूप पोचले. घर थंडगार होतं, शेजारणीनं सूप आणून ठेवलं होतं. तुझ्या बापाला मातीत ठेवून दहा दिवस झाले, आणि अजून पत्रपेटी उघडताना हात थबकतो. पाचसहा आठवडे त्याच्याजवळ राहायला मिळाले. अठरा वर्षांच्या मानानं ते किती कमी, ह्याचा हिशेब तू करू नकोस, मीही करत नाही.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस, की आत्या, तुमचं दोघांचं शेवटी बोलणं झालं का. सगळे लोक होते, मी नुसती मान हलवली. आता सांगते.

तू कामावर गेली होतीस, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. त्यानं पाटीवर लिहिलं, कोट घाल. मला वाटलं दवाखान्यात जायचंय. तो मला टॅक्सीनं त्या बीफवाल्याकडे घेऊन गेला, जिथं बसायला जागाच नाही, भिंतीलगतच्या फळीशी उभ्यानं खायचं. पाटीवर लिहून माझ्यासाठी मागवलं. पाव रश्शात पुरा बुडवलेला, वर मिरच्यांचं लोणचं. मी नेहमीसारखी सरळ उभी राहिले तर त्यानं माझे पाय धरून मागे सरकवले, कोपरं फळीवर टेकवून दिली, वाकायला लावलं. इथं असंच उभं राहतात म्हणे, नाहीतर रस्सा कोटावर. आजूबाजूचे गवंडी हसत होते. तोही हसला, त्या भोकातून हवा यायची तसा.

आणि मला एकदम भरून आलं. हातात ते गळकं सँडविच घेऊन, सगळ्या लोकांत, मी त्याला म्हटलं, की तानो, मला माफ कर. त्या दिवशी मी तुला दारातून आत घ्यायला हवं होतं. आईपाशी बसवायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ कर रे.

त्यानं पाटी काढली. पुसली. खडू धरायला बोटं नीट वळत नव्हती, बराच वेळ लिहीत होता. मला वाटलं आता काहीतरी मोठं लिहितोय, आईबद्दल, देवाबद्दल. मग त्यानं पाटी माझ्याकडे फिरवली.

आधी खा. गार होतंय.

मी खाल्लं, रेनाता. डोळे गळत होते, नाक गळत होतं, कोपरापर्यंत रस्सा आला होता, पण शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. तो फळीला टेकून उभा होता. त्याला उभं राहवत नव्हतं, मला दिसत होतं, पण त्यानं नजर हलवली नाही. आजवर मी किती जणांना जेवू घातलं, आईला, नवऱ्याला, तुम्हा पोरांना. पण मी जेवून होईपर्यंत माझ्याजवळ उभं राहिलेलं माणूस मला आठवत नाही. तो राहिला.

तू मात्र वेळेवर जेवत जा. एकटी आहेस म्हणून उभ्यानं काहीतरी तोंडात टाकू नकोस. ईस्टरला इकडे ये, खोली मी झाडून ठेवते आहे.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या