घाटातून परत

प्रिय राही,

मला जरा बरं वाटावं म्हणून ऋषिराजने सगळ्यांना दोन दिवस महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. पण घाटात दरड कोसळली होती, आम्ही अडकलो. तू गेल्यापासून मला त्रास होईल म्हणून मुलं तुझं नाव काढत नाहीत, आणि त्यांना होईल म्हणून मी. गाडीत सगळे गप्प होते. मग सून शिवांजली हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणाली, “सरक की गं दरडे, आमचं म्हातारं खोळंबलंय!”

ऋषिराज हसता हसता रडायला लागला. गाडी वळवताना म्हणाला, “आबा, काईच बघायला मिळालं न्हाई.”

मी म्हणालो, “राही म्हणाली असती, बरं झालं, म्हशीच्या धारेला तरी पोचू.”

मग कवठे महांकाळ येईपर्यंत कुणीच गप्प बसलं नाही.

तुझं म्हातारं,
नाथाजी